पत्त्यांचे चार रंग आणि टॅरोचे चार सूट: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

पत्ते आणि टॅरोबद्दल लिहायला लागल्यापासून मेसेजमध्ये फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका ठिकाणी गोळा केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे उडी मारा. एक आधीच सांगून ठेवते, मी टॅरो (७८ पानांचा चित्रांचा कॅट, ज्यावरून भविष्य सांगतात) वाचते पण 'हे हजारो वर्षांचं गूढ ज्ञान आहे' वगैरे म्हणत नाही. ही चिन्हं आधी खेळातली होती, अर्थ नंतर चिकटले, आणि कोणी कधी चिकटवले हे बऱ्यापैकी माहीत आहे. त्याने अर्थाची मजा कमी होते असं मला वाटत नाही.

१. टॅरोचे चार सूट कोणते आणि आपल्या पत्त्यांतला कुठला रंग कुणाशी जुळतो?

टॅरोत कप्स म्हणजे पेले, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, वाँड्स म्हणजे काठ्या आणि पेंटॅकल्स म्हणजे नाणी. जास्त चालणारी जोडी अशी: कप्स = बदाम, स्वोर्ड्स = इस्पिक, वाँड्स = किलवर, पेंटॅकल्स = चौकट. पहिल्या दोन जोड्यांवर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे, उरलेल्या दोनांवर नाही, त्यासाठी प्रश्न ९ बघा.

अजून एक, हिंदी व्हिडिओ बघून शिकत असाल तर तिकडे इस्पिकला हुकुम म्हणतात. आपल्याकडे हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ ठरलेला रंग, तो कुठलाही असू शकतो. निम्मा गोंधळ इथेच होतो.

२. पाठांतर न करता प्रत्येक सूटचा अर्थ कसा लक्षात ठेवायचा?

वस्तू हातात घेतलीय अशी कल्पना करा. पेल्यात काहीतरी ओततात, तो भरतो, सांडतो, दुसऱ्याला देतात, म्हणून कप्स म्हणजे भावना, नाती, प्रेम, रुसवे. तलवार कापते, दोन तुकडे करते, म्हणून विचार, निर्णय, शब्द, भांडण, सत्य. काठी घेऊन माणूस चालायला लागतो, ती पेटवता येते, हाणताही येते, म्हणून वाँड्स म्हणजे उत्साह, काम सुरू करणं, ईर्ष्या, धडपड. नाणं तर नाणंच आहे, पैसा, नोकरी, घर, तब्येत, जे हाताला लागतं ते सगळं.

त्यावर आकडा बसवायचा. एक्का म्हणजे सुरुवात, पाच म्हणजे बहुतेक वेळा गडबड, दहा म्हणजे शेवट नाहीतर अति झालं. मग फाइव्ह ऑफ कप्स आलं की 'भावनांमध्ये गडबड' इतकं तर कळतंच आणि चित्र बघितलं की उरलेलं कळतं: काळ्या झग्यातला माणूस, समोर तीन पेले सांडलेले, आणि मागे दोन उभे आहेत ज्यांच्याकडे त्याने पाठ केलीय. पाठांतर करणाऱ्यांना मागचे दोन पेले दिसतच नाहीत असा माझा अनुभव आहे, ते 'नुकसान, दुःख' म्हणतात आणि पुढच्या पानाकडे वळतात.

३. साधे पत्ते टॅरोतूनच निघाले ना?

नाही, उलटं आहे. युरोपात पत्त्यांच्या पक्क्या नोंदी १३७० च्या दशकातल्या. १३७७ मध्ये फ्लॉरेन्सने पत्त्यांच्या खेळावर बंदी आणली आणि त्याच वर्षी राइनफेल्डनच्या योहान्स नावाच्या धर्मोपदेशकाने पत्त्यांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. टॅरो त्यानंतर साधारण साठ-एक वर्षांनी, १४४० च्या आसपास, उत्तर इटलीत. तिथे आधीपासून असलेल्या चार सूटच्या कॅटमध्ये प्रत्येकी एक राणी आणि वर २२ खास चित्रांची पानं घातली, एकूण ७८. ही खास पानं कशासाठी, तर हुकूम म्हणून! म्हणजे आपण मेंढीकोटमध्ये हुकूम मारून हात उचलतो तसं काहीसं, फक्त त्यांचा हुकूम कायमचा ठरलेला आणि चित्रवाला. ज्याला आता मेजर अर्काना म्हणतात ती ही पानं.

आणि तो खेळ मेला वगैरे नाहीये. फ्रान्समध्ये लोक आजही ७८ पानांचा टॅरो खेळतात, ऑस्ट्रियात टारॉक खेळतात, आणि त्यातल्या बहुतेकांना भविष्याशी देणंघेणं नसतं.

४. मग पेला, तलवार, काठी, नाणं हीच चार चिन्हं का? आली कुठून?

इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या राज्यातून. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात एक जुना मामलुक कॅट आहे, एल. ए. मेयर या अभ्यासकाने १९३० च्या दशकात तो जगासमोर आणला. त्यात चार सूट: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. चित्राची पानं तीन, राजा (मलिक), त्याचा नायब आणि दुसरा नायब, पण माणसाचं चित्र नाही, नुसती अक्षरं आणि नक्षी. तेरा चोक बावन्न, आपल्या कॅटइतकीच पानं.

हे पत्ते भूमध्य समुद्र ओलांडून इटली-स्पेनला पोचले तेव्हा तिथल्या लोकांना पोलो माहीतच नव्हता, त्यामुळे पोलोच्या वाकड्या काठीचा इटलीत राजदंड झाला आणि स्पेनमध्ये चांगला जाडजूड सोटा. तोच पुढे टॅरोत वाँड झाला, 'जादूची कांडी'. वाँड्सच्या अग्नितत्त्वावर तासभर बोलणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, मूळ वस्तू घोड्यावर बसून चेंडू मारायची होती.

नाण्यांचा सूट त्याहूनही मागे चीनपर्यंत जातो असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, कारण चिनी पत्त्यांचे सूट पैशांवरच होते.

५. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे आकार मग कोणी काढले?

फ्रेंचांनी, साधारण १४८० च्या सुमारास. कारण अगदी धंद्याचं आहे. पेले आणि तलवारी नीट काढायच्या म्हणजे कारागीर हवा, वेळ हवा, चार-पाच रंग हवेत. त्याऐवजी चार सपाट आकार, दोन लाल दोन काळे, स्टेन्सिल ठेवायचं आणि ब्रश फिरवायचा, एका दिवसात ढीगभर पानं. स्वस्त झाले आणि जगभर गेले. त्यामुळे 'लाल म्हणजे दिवस, काळा म्हणजे रात्र' वगैरे जे फॉरवर्ड येतात तो नंतरचा साज आहे, लाल-काळं हे मुळात छपाईची सोय.

ऑनलाइन पोकरमध्ये चार रंगांचा कॅट दिसतो, चौकट निळी, किलवर हिरवा, तोसुद्धा सोयीसाठीच, स्क्रीनवर बदाम-चौकट पटकन वेगळे कळावेत म्हणून.

६. पण टॅरो प्राचीन इजिप्तमधून आलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते?

ते एका माणसाचं काम आहे. आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथमालेत लिहिलं की टॅरो म्हणजे इजिप्शियन पुजाऱ्यांनी लपवून ठेवलेलं ज्ञान आहे. पुरावा शून्य. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताच येत नव्हती, शांपोलियॉंने ती उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे तपासायचीही सोय नव्हती. लिपी वाचता आल्यावर त्यात टॅरोचा मागमूस सापडला नाही, पण तोपर्यंत गोष्ट सुटली होती.

गंमत म्हणजे इजिप्तचा संबंध खरंच आहे, फक्त फॅरोंच्या नाही, मामलुकांच्या इजिप्तचा, आणि मंदिराचा नाही, खेळाचा (प्रश्न ४). ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळाचा सगळा इतिहास कागदपत्रांसकट मांडला, त्यानंतरही पुजारीवाली गोष्ट चालूच आहे.

७. अग्नी-जल-वायू-पृथ्वी ही तत्त्वं सूटना कोणी जोडली?

टप्प्याटप्प्याने झालं. एत्तेइला नावाने लिहिणाऱ्या ज्याँ-बाप्तिस्त अलिएतने आधी १७७० मध्ये साध्या ३२ पानांवरून भविष्य सांगायचं पुस्तक काढलं आणि १७८५ मध्ये टॅरोवरचं. मग १८५० च्या दशकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्यावाल्याने चार सूट हिब्रूतल्या देवाच्या नावाच्या चार अक्षरांना जोडले. आज जी यादी सगळे पाठ करतात, वाँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी, ती पक्की झाली गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गुप्त मंडळात, स्थापना १८८८. त्याच मंडळातले ए. ई. वेट आणि चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ मध्ये जो कॅट काढला तो म्हणजे रायडर-वेट, तुमच्या हातात बहुतेक तोच किंवा त्याची नक्कल असते.

रायडर हे प्रकाशकाचं नाव, वेट हे सांगणाऱ्याचं, आणि सगळी चित्रं जिने काढली तिचं नाव कित्येक वर्षं डब्यावर नव्हतंच. आता बरेच जण रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

८. आपल्याकडे पंचमहाभूतं पाच आहेत, सूट चारच. मग आकाश कुठे गेलं?

हा फक्त आपल्याच लोकांना पडणारा प्रश्न आणि मला फार आवडतो. टॅरोची चार तत्त्वं ग्रीकांकडून आलेली आहेत, आपल्या पंचमहाभूतांतून नाही, त्यामुळे आकाश 'हरवलेलं' नाहीये, त्या हिशोबात ते सूट म्हणून कधी नव्हतंच. काही वाचणारे मेजर अर्कानाला पाचवं तत्त्व मानतात, ते मानायला हरकत नाही, चांगलं बसतं.

पण सूट आणि वात-पित्त-कफ यांची सांगड घालून औषध सांगायला लागू नका, असे मेसेज आलेत म्हणून लिहितेय. दोन वेगळ्या परंपरा आहेत, नावं सारखी दिसली म्हणून हिशोब एक होत नाही.

९. एका ॲपमध्ये वाँड्स म्हणजे किलवर आहे, दुसऱ्यात चौकट. खरं कुठलं?

दोन्ही चालतात. काठी आणि किलवर ही जोडी रूढ आहे, नाणं आणि चौकट हीसुद्धा. पण इंग्लंडमधल्या काही जुन्या टॅरोवाल्यांनी वाँड्स चौकटीला आणि नाणी किलवरला जोडली, आणि त्यामागेही लॉजिक आहे: चौकट लाल, म्हणून अग्नी, आणि किलवर म्हणजे तीन पाती, म्हणून जमीन. फ्रेंच आकार टॅरोच्या वस्तूंवरून एकास एक बेतलेले नव्हतेच, त्यामुळे 'खरं' असं उत्तरच नाही.

तत्त्वांचंही तेच आहे. काही नव्या डेकमध्ये स्वोर्ड्स अग्नी (तलवार भट्टीत घडते) आणि वाँड्स वायू (झाडाची फांदी वाऱ्यात हलते) असतं. डेकसोबतची पुस्तिका बघा, एक पद्धत धरा आणि पानं पिसायच्या आधी धरा, आलेलं पान आवडलं नाही म्हणून मध्येच पद्धत बदलायची नाही.

१०. पेंटॅकल्सवर पाच टोकांचा तारा आहे, घरात ठेवलं तर काही होईल का? आई घाबरते.

आईंना सांगा की ते मुळात नाणं आहे. इटलीत या सूटला नाणीच म्हणत आणि जुन्या कॅटमध्ये त्यावर फुलासारखी नक्षी असायची. तारा असलेल्या चकत्या आज दिसतात त्या वेटच्या डेकमुळे, गोल्डन डॉन मंडळात (प्रश्न ७) तावीज म्हणून असल्या चकत्या वापरत. पाच टोकांचा तारा युरोपात शेकडो वर्षं चर्चच्या नक्षीत आणि घराच्या दारावर रक्षणाची खूण म्हणूनही काढलेला आहे. सरळ तारा आहे, सोन्याच्या नाण्यावर आहे, काही होत नाही.

११. स्वोर्ड्स आले की वाईटच असतं का? मला दर वेळी थ्री ऑफ स्वोर्ड्स येतं.

वाईटच असं नाही, पण हा सूट रायडर-वेटमध्ये खरोखर कडक काढलाय हे मान्य. थ्री ऑफ स्वोर्ड्समध्ये माणूस नाहीच, करडं आभाळ, तिरका पाऊस, मधोमध लाल बदाम आणि त्यातून आरपार तीन तलवारी. ही कल्पना पामेलाच्या डोक्यातून एकदम आलेली नाही. सोला-बुस्का नावाचा १४९० च्या आसपासचा इटालियन टॅरो आहे, त्यात साध्या आकड्यांच्या पानांवरही चित्रं आहेत, आणि तीन तलवारींच्या पानावर अशाच भोसकलेल्या हृदयाचं चित्र आहे. त्या कॅटचे फोटो १९०७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आले आणि दोन वर्षांनी हा डेक निघाला. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा, पुढे वाद घालायची गरज उरत नाही.

अर्थाकडे येऊ. मी स्वोर्ड्सकडे 'डोक्यात काय चाललंय' म्हणून बघते. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीशी धरून बसलीय, तिला कोणी मारलेलं नाही, ती निर्णय टाळतेय. टेन ऑफ स्वोर्ड्स सगळ्यात भयानक, पाठीत दहा तलवारी, पण मागे क्षितिजावर पिवळा उजेड आहे. आणि खरं सांगायचं तर दहा तलवारी हे जरा अति आहे, एकीनेही काम झालं असतं, मला त्या पानात नेहमी थोडा नाटकीपणा दिसतो आणि ज्याला ते येतं त्याच्या गोष्टीतही अनेकदा तो असतो.

दर वेळी तेच पान येत असेल तर आधी पानं नीट पिसता का ते बघा, नव्या डेकची पानं एकमेकांना चिकटून राहतात. सात-आठ वेळा चांगली पिसा.

१२. कोर्ट कार्डवर (राजा, राणी, नाइट म्हणजे घोडेस्वार आणि पेज म्हणजे सेवक) सूटची वस्तू नीट दिसली नाही तर ओळखायचं कसं?

रायडर-वेटपुरतं सांगते. राजा-राणीच्या कपड्यांवर आणि सिंहासनावर प्राणी शोधा. वाँड्सकडे सरडे, म्हणजे आगीत राहतात अशी समजूत असलेले सॅलमँडर, आणि सिंह. कप्सकडे मासे आणि पाणी, पेज ऑफ कप्सच्या तर पेल्यातूनच मासा डोकं काढून बघतोय. स्वोर्ड्सकडे फुलपाखरं, पक्षी, वाऱ्याने वाकलेली झाडं. पेंटॅकल्सकडे बैलाची डोकी, द्राक्षं, राणीच्या पायाशी ससा. वाँड्सच्या काठ्यांना पालवी फुटलेली असते, वाळलेलं लाकूड नसतं, हेही बघून ठेवा.

१३. इस्पिकचा एक्का म्हणजे मृत्यू, हे खरंय?

टॅरोच्या हिशोबाने तो एस ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे नवा विचार, डोक्यात पडलेला लख्ख प्रकाश. मृत्यूचं पान टॅरोत वेगळं आहे, १३ नंबरचं, आणि तेही बहुतेक वेळा बदल म्हणून वाचतात. साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांनी इस्पिकला संकटाचा रंग केलं, तिथून ही बदनामी आली, आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिक हे पान शत्रू घाबरावा म्हणून टाकत फिरायचे त्याने ती जगभर झाली.

हा एक्का इतका नक्षीदार का असतो त्याची खरी गोष्ट जास्त भारी आहे. इंग्लंडमध्ये १८व्या शतकात पत्त्यांवर कर होता आणि तो भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर असायची, १७६५ पासून तर हे एक पान सरकारी कचेरीच छापायची. नकली एक्का छापणं म्हणजे सरकारी शिक्का खोटा करणं. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ मध्ये याच गुन्ह्यासाठी फाशी झाली. तेव्हा इस्पिकच्या एक्क्याने मृत्यू आणला, असं त्या एकाच्या बाबतीत म्हणता येईल.

१४. बदामचा राजा स्वतःच्या डोक्यात तलवार का खुपसतो? प्रेमात आत्महत्या?

नकलेची नक्कल करताना झालेली चूक. जुन्या फ्रेंच कॅटमध्ये त्याच्या हातात कुऱ्हाड होती. शतकानुशतकं ठसे कोरताना कुऱ्हाडीचं पातं पानाच्या कडेला गेलं, गळून पडलं, आणि उरलेला दांडा तलवारीसारखा दिसायला लागला. मिशीही त्याला एकट्यालाच नाही. आता यावरून 'हृदयाचा राजा हतबल असतो' असं कोणाला वाचायचं असेल तर वाचा, छान वाटतं ऐकायला, पण ते मागाहूनचं आहे.

१५. ५२ पानं = ५२ आठवडे, ४ रंग = ४ ऋतू, बेरीज ३६५. हे तर ठरवूनच केलं असणार?

बेरीज करून बघा. एक ते तेरा मिळून ९१, गुणिले चार ३६४. ३६५ करायला एक जोकर धरावा लागतो, आणि डब्यात बहुतेक वेळा दोन किंवा तीन असतात, ते कुठे गेले? शिवाय स्पेनमध्ये ४० किंवा ४८ पानं, जर्मनीत ३२ किंवा ३६, टॅरोत ७८, सगळीकडे पत्ते एकाच घराण्यातले. वर्षाचा हिशोब एकट्या ५२ च्या कॅटला जमला, तो योगायोग आहे. ऋतू म्हणाल तर आपल्याकडे सहा.

१६. चार रंग म्हणजे चार वर्ण आहेत का?

युरोपात अशी मांडणी झालीय: पेला किंवा बदाम म्हणजे धर्मगुरू, तलवार म्हणजे सरदार, नाणं म्हणजे व्यापारी, काठी म्हणजे शेतकरी. ऐकायला बरोबर बसतं, पण हे युरोपी समाजाच्या थरांवरून नंतर लावलेलं आहे, मामलुक पत्त्यांत याचा पत्ता नाही, तिथे तर चारही वस्तू दरबारातल्याच. वर्णांशी संबंध नाही. तलवार दिसली की क्षत्रिय आठवतो म्हणून हे इतकं पटतं, बाकी काही नाही.

१७. चारांत मोठा रंग कुठला?

खेळावर आहे. ब्रिजमध्ये किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा चढता क्रम. पोकरमध्ये सगळे समान. मेंढीकोटमध्ये हुकूम असेल तो. बदाम सातमध्ये बदामची सत्ती पहिली पडते, पण तो मान तेवढ्यापुरताच. टॅरो वाचताना मोठा-छोटा सूट असं काही नसतं.

१८. भाऊ म्युनिकहून पत्ते घेऊन आला, त्यात बदाम आहे पण बाकी घंटा, पान आणि कसलंतरी फळ आहे. हे टॅरो आहे का?

नाही, ते जर्मन सूटचे साधे पत्ते, बव्हेरियात अजून रोज खेळतात. बदाम, घंटा, पान आणि ओकच्या झाडाचं फळ. राणी नसते, राजाखाली दोन पुरुषच असतात. स्वित्झर्लंडमध्ये अजून वेगळं, गुलाब आणि ढाली. यावरून एक कळतं की चार चिन्हं कुठली हे त्या त्या भागातल्या लोकांनी आपापलं ठरवलं, वैश्विक वगैरे काही नव्हतं.

१९. घरातल्या ५२ पत्त्यांवर टॅरो वाचता येईल का? आणि जोकर म्हणजे टॅरोतलं 'द फूल' (मूर्ख) हे पानच ना?

येईल, मायनर अर्कानापुरतं, म्हणजे चार सूटच्या पानांपुरतं. टॅरोत प्रत्येक सूटला राजा, राणी, नाइट आणि पेज अशी चार चित्राची पानं, आपल्याकडे तीन, त्यामुळे गुलामाला नाइट आणि पेज दोघांचं काम करावं लागतं. मेजर अर्काना २२ पानं नसतातच. सुरुवातीला मी तर म्हणेन याच कॅटवर शिका, चित्र नसल्यामुळे सूट आणि आकडा यावरून विचार करायची सवय लागते (प्रश्न २).

जोकर म्हणजे फूल नाही. दिसतात सारखे, पण जोकर १८६० च्या दशकात अमेरिकेत युकर नावाच्या खेळासाठी वाढवलेलं पान आहे, टॅरोतल्या फूलचा तो वंशज नाही. फूल म्हणून वापरायचा तर खुशाल वापरा.

२०. सावंतवाडीच्या गंजिफाचे रंग कुठले? तेही टॅरोसारखे वाचतात का?

गंजिफा हे गोल पत्ते, इराणकडून आले. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मोगल प्रकारात आठ रंग आणि ९६ पानं, ताज, तलवार, गुलाम, वाद्य, कापड, हुकूमनामा आणि सोन्याचं व चांदीचं अशी दोन नाणी. म्हणजे तलवार आणि नाणं इथेही आहेत.

सावंतवाडीची ओळख मात्र दशावतारी गंजिफा: दहा अवतार, दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, बाकी एक ते दहा. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्मात कासवं, परशुरामात परशू, वामनात कमंडलू. काही अवतारांची चिन्हं प्रांतागणिक बदलतात. भोसले राजघराण्याने, शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी, १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली, राजवाड्यात कारागीर बसून रंगवताना बघायला मिळतात.

भविष्य सांगायला बनवलेले नाहीत, खेळायला बनवलेत. तिघं खेळतात, प्रत्येकाला ४० पानं, आणि उतारी दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्याची. आता कोणी गंजिफाच्या नावाने 'ऑरॅकल डेक' विकत असेल तर ती आजची कल्पना आहे, चूक नाही, फक्त प्राचीन नाही.

२१. गंजिफात काही रंगांत एक्का दहापेक्षा मोठा, काहींत छोटा असतो. असं का, आणि याचा टॅरोशी काय संबंध?

हा प्रश्न क्वचित येतो पण या पानावरचा सगळ्यात भारी प्रश्न आहे. गंजिफात निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा आणि एक्का छोटा, उरलेल्या निम्म्यांत उलटं, एक्का मोठा आणि दहा सगळ्यात लहान. आता जुन्या इटालियन टॅरो खेळाचा नियम बघा: तलवारी आणि काठ्यांत दहा मोठा, पण पेले आणि नाण्यांत एक्का मोठा आणि दहा लहान. ऑस्ट्रियाच्या टारॉकमध्ये लाल रंगांत अजून तसंच खेळतात.

सावंतवाडी कुठे आणि व्हिएन्ना कुठे, आणि नियम तोच. एवढा विचित्र नियम दोन ठिकाणी आपोआप सुचण्यापेक्षा दोघांचा कोणीतरी समान पूर्वज असणं जास्त पटतं. टॅरो आणि भारत यांचं नातं शोधायचंच असेल तर चक्र-कुंडलिनीत शोधू नका, या उलट्या मोजणीत शोधा.

२२. रीडिंगमध्ये एखादा सूट आलाच नाही तर काय समजायचं? तीन कार्डं काढली, कप्स नव्हतं, नात्यात प्रेम उरलं नाही का?

तीन कार्डांत चार सूट बसतीलच कसे? एक तरी राहणारच. ७८ पानांत कप्स १४ आहेत, तीन पानं काढली तर एकही कप्स न येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, साधारण ५५ टक्के. दहा पानांच्या मोठ्या मांडणीत ती १२ टक्क्यांवर येते, तिथे सूट गायब असेल तर मी एकदा थांबून विचारते की या विषयावर बोलणं टाळतोय का. तीन पानांत मात्र विचारत नाही, जी आलीत ती वाचते.